लायसिस करूनही पेलेट लालच? आधी ट्यूबमध्ये काय उरलंय ते बघा

मराठवाड्यातल्या लॅबमध्ये ही तक्रार वर्षातून दोनदा हमखास उगवते. एकदा एप्रिल-मेच्या कडाक्यात आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी. प्रोटोकॉल तोच, बाटली तीच, काम करणारे हातही तेच. तरी लायसिस करून, म्हणजे पांढऱ्या पेशी मिळवण्यासाठी रक्तातल्या लाल पेशी फोडून, सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी बसणारं पेलेट पांढरट ठिपक्यासारखं न दिसता गुलाबी-लाल थरासारखं दिसतं. "सर, पुन्हा लालच आलं बघा." मग पहिला संशय लायसिस बफरवर. नवीन बफर बनतो, तरी लाल दिसतं, म्हणून त्याच ट्यूबमध्ये दुसऱ्यांदा बफर ओतला जातो, पाच-दहा मिनिटं जास्त ठेवला जातो. फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी एकेक करून तपासणाऱ्या मशीनवर, चढवल्यावर लाल पेशी गेलेल्या दिसतात, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या पांढऱ्या पेशीही मेलेल्या दिसतात.

दुसऱ्यांदा लायसिस करण्याची ही सवय मला मूळ अडचणीपेक्षा जास्त घातक वाटते. लाल रंग दिसला म्हणजे लाल पेशी उरल्या असं नसतं, आणि उरल्या असल्या तरी दोष बफरचाच असतो असंही नाही.

एक थेंब स्लाइडवर

पेलेट पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्यात, मोकळं करा, एक थेंब स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिप ठेवा आणि ४०च्या लेन्सखाली, कंडेन्सर थोडा खाली घेऊन बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण गर्दीच्या दिवशी नेमकं हेच टाळलं जातं.

ठसठशीत कडेच्या, भरलेल्या, पिवळसर झाक असलेल्या गोल पेशी दिसल्या तर लायसिस खरंच अपुरं झालंय. पुढचा बराचसा मजकूर त्याबद्दलच आहे.

कडा पुसट, आत काहीच नाही, कंडेन्सर वर घेतला की दिसेनाशी होणारी वर्तुळं असतील, तर ती फुटलेल्या पेशींची रिकामी आवरणं, म्हणजे घोस्ट. त्यांना थोडं हिमोग्लोबिन चिकटलेलं असतं, म्हणून पेलेट गुलाबी दिसतं. फुटलेल्या पेशीला पुन्हा फोडता येत नाही. इथे धुण्याची गरज आहे: भरपूर पीबीएस, त्यात १ ते २ टक्के सिरम किंवा बीएसए (गायीच्या सिरममधलं अल्ब्युमिन), सेंट्रिफ्यूजमध्ये २०० ते ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट) जोरावर पाच मिनिटं, वरचं द्रव काढा, परत एकदा तेच. घोस्ट हलके असतात, कमी वेगात बरेचसे वरच राहतात. बिंबाणूही, म्हणजे प्लेटलेटही, याच वेगात वर राहतात.

धागे, गुठळ्या, त्यांत अडकलेल्या पेशींचे घोस दिसले तर रक्त ट्यूबमध्येच किंचित गोठलेलं होतं. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब रक्त घेतल्याबरोबर हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची असते. कॅम्पमध्ये रांग लागलेली असली की ट्यूब तशीच स्टँडमध्ये जाते. गुठळीच्या आत बफर पोचत नाही, त्यामुळे वेळ वाढवून उपयोग नाही. सुरुवातीलाच लाकडी काडी ट्यूबमध्ये फिरवून बघावी. गुठळी लागली तर ते सँपल मोजणीच्या कामाचं नाही, दुसरं मागवा. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून वेळ मारून नेता येते, पण गुठळीत पांढऱ्या पेशीही अडकलेल्या असतात, त्यामुळे आकडा खरा येत नाही.

आणि कधी कधी पेशी-बिशी काही नसतं. वरचं लाल पाणी नीट काढलेलं नसतं, एवढंच.

९९ टक्के म्हणजे पुरेसं नाही

हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ५० लाख लाल पेशी आणि ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. आपण १०० मायक्रोलिटर रक्त घेतलं तर ट्यूबमध्ये लाल पेशी ५० कोटी आणि पांढऱ्या, सात हजारांच्या हिशेबाने, सात लाख. त्यांतल्या ९९ टक्के लाल पेशी फुटल्या, तरी ५० लाख शिल्लक. पांढऱ्यांच्या सातपट! ९९.९ टक्के फुटल्या तर पाच लाख, म्हणजे जवळपास बरोबरीने.

म्हणून "एकही लाल पेशी दिसता कामा नये" हा हट्ट सोडावा. थोड्या उरणारच. फ्लोवर त्यांना बाजूला ठेवायला सीडी४५ आहे, चमकणाऱ्या अँटिबॉडीने ओळखता येणारं आवरणावरचं प्रथिन. पांढऱ्या पेशींवर ते असतं, परिपक्व लाल पेशींवर नसतं. नुसत्या आकारावर गेट (मोजायच्या पेशींभोवतीची चौकट) लावलं तर घोस्ट, कचरा आणि लहान लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एकमेकांत मिसळतात. सीडी४५ आणि साइड स्कॅटर (पेशीच्या आतल्या दाण्यांमुळे बाजूला विखुरणारा प्रकाश) अशी जोडी लावली की चित्र स्वच्छ होतं, आणि मशीनची थ्रेशोल्ड (कोणता सिग्नल दिसला की पेशी मोजायची ती मर्यादा) सीडी४५वर ठेवता आली तर लाल पेशी मोजणीतच येत नाहीत. शंका उरलीच तर एका ट्यूबमध्ये सीडी२३५ए लावा. ते ग्लायकोफोरिन ए आहे, लाल पेशींची खूण, घोस्टवरही दिसतं. उरलेला ढीग लाल पेशींचा की दुसऱ्याच कशाचा, हे तिथे कळतं.

बफर काम कसं करतो

हे कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपण वापरतो तो बफर अमोनियम क्लोराइडचा. तो रक्ताइतक्याच तीव्रतेचा, म्हणजे आयसोटॉनिक असतो. मग पेशी फुटतात का? अमोनियम क्लोराइडच्या द्रावणात थोडा अमोनिया मोकळा असतो. तो पेशीच्या आवरणातून सहज आत जातो आणि आतला एक प्रोटॉन घेऊन अमोनियम होतो. प्रोटॉन गेला की मागे हायड्रॉक्सिल उरतो. लाल पेशीत कार्बोनिक अॅनहायड्रेज हे एंझाइम खच्चून भरलेलं असतं. ते या हायड्रॉक्सिलचा कार्बन डायऑक्साइडशी मेळ घालून बायकार्बोनेट बनवतं. ते बायकार्बोनेट बाहेर जातं आणि बदल्यात क्लोराइड आत येतं. हा अदलाबदलीचा दरवाजा म्हणजे आवरणातलं बँड ३ नावाचं प्रथिन. सरतेशेवटी अमोनियम क्लोराइड आत साठत जातं, त्याच्या मागे पाणी येतं, पेशी फुगते आणि फुटते. पांढऱ्या पेशींकडे ही यंत्रणा एवढ्या जोराची नाही, म्हणून त्या मागे राहतात. मागे राहतात, पण अमर नसतात. फरक वेळेचाच आहे.

यातून तीन गोष्टी निघतात. बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला जुना बफर मंदावतो. थंडीत सगळंच मंदावतं, उन्हात सगळंच धावतं. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: मिठाचं पाणी लायसिस अडवतं.

सोडियम क्लोराइड पेशीच्या आत जात नाही. ते बाहेर राहून पाणी बाहेरच धरून ठेवतं. समजा रक्त पीबीएसने धुतलं, ट्यूबमध्ये एक मिली पीबीएस तसंच राहिलं आणि त्यावर एक मिली लायसिस बफर ओतला. द्रावणाची एकूण तीव्रता बरोबर आहे, पण त्यातला अर्धा वाटा आत न जाणाऱ्या मिठाचा आहे. पेशी थोड्या फुगतात आणि तिथेच थांबतात. प्लाझ्मातही, म्हणजे रक्तातल्या द्रवातही, मीठ असतं, म्हणून रक्ताच्या किमान दहापट बफर घ्यायचा असतो. १०० मायक्रोलिटर रक्ताला दोन मिली घेतला तर आणखी चांगलं. बफर वाचवायला दोन-तीनपटीवर भागवलं की लाल पेलेट ठरलेलं. लायसिस थांबवायलाही आपण वरून पीबीएस भरतो, ते याच कारणाने.

वीस ते पंचवीस अंश, इथे कुठे मिळतात?

प्रोटोकॉलमध्ये "खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं" लिहिलेलं असतं, तेव्हा २० ते २५ अंश सेल्सियस गृहीत धरलेलं असतं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेर पारा ४२च्या पुढे असतो. लाइट गेली, एसी बंद, दुपारचे तीन, अशा वेळी बेंचवरचं तापमान ३५-३६ सहज होतं. त्या दहा मिनिटांत लाल पेशी केव्हाच फुटून जातात आणि उरलेली सगळी मिनिटं पांढऱ्या पेशींच्या मुळावर येतात. ग्रॅन्युलोसाइट, म्हणजे दाणेदार पांढऱ्या पेशी, आधी जातात. फुटलेल्या पांढऱ्या पेशींमधून डीएनए बाहेर येतो, तो चिकट असतो, त्यात घोस्ट अडकतात, आणि पेलेट लालसर, गोळा झालेलं, पिपेटला दोऱ्यासारखं चिकटणारं मिळतं. ते पाहून कुणी म्हणतं, "लायसिस कमी झालं, अजून ठेवा." इलाज नेमका उलटा हवा.

थंडीत प्रकार वेगळा. सकाळी नऊला लॅब उघडते, खोली चौदा-पंधरा अंशांवर, बफर थेट फ्रिजमधून काढलेला चार अंशांचा. दहा मिनिटांनी ट्यूब अजून गढूळ. काही प्रोटोकॉल मुद्दाम बर्फावर लायसिस करतात, पण त्यांची वेळही तशी ठरवलेली असते. आपला दहा मिनिटांचा प्रोटोकॉल बर्फासारख्या बफरवर चालवला तर तो फसणारच.

यावर महागडं उपकरण लागत नाही. एक पसरट डबा, त्यात पाणी, थर्मामीटर. उन्हाळ्यात माठातलं पाणी मिसळून, थंडीत कोमट पाणी मिसळून २२ ते २५ अंशांवर आणा. बफरची बाटली कामाच्या अर्धा तास आधी त्यात ठेवा आणि लायसिसच्या वेळी ट्यूबांचा स्टँडही त्यातच ठेवा. माझ्या मते मराठवाड्यात ही तक्रार ऋतूप्रमाणे येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि सगळ्यात स्वस्त उपायही.

घड्याळाकडे बघण्यापेक्षा ट्यूबकडे बघा. ट्यूबमागे छापील कागद धरा. सुरुवातीला गढूळ लाल, अक्षर दिसत नाही. लाल पेशी फुटल्या की द्रव लालच राहतं पण पारदर्शक होतं, मागची अक्षरं वाचता येतात. तिथे थांबा, पीबीएस भरा आणि सेंट्रिफ्यूजला लावा. चार मिनिटांत झालं तर चार, बारा लागली तर बारा. पंधराच्या पुढे मात्र जाऊ नका.

याला एक अपवाद. रक्तात चरबी जास्त असेल, पेशंट जेवून आला असेल, तर प्लाझ्माच दुधाळ असतो. लाल पेशी सगळ्या फुटल्या तरी अक्षरं दिसत नाहीत. रक्ताची ट्यूब थोडी स्थिर ठेवून वरचा प्लाझ्मा कसा दिसतो ते आधीच बघितलं तर फसगत होत नाही.

बफर आणि पाणी

लॅबमध्ये बनवायचा असेल तर एक लिटर कामाच्या बफरसाठी अमोनियम क्लोराइड ८.०२ ग्रॅम, पोटॅशियम बायकार्बोनेट १ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ३७ मिलिग्रॅम. पीएच ७.२ ते ७.४. साध्या तराजूवर ३७ मिलिग्रॅम धड मोजता येत नाही. त्यापेक्षा ०.५ मोलर ईडीटीएच्या साठ्यातून २०० मायक्रोलिटर टाका, हिशेब तोच बसतो. पोटॅशियमऐवजी सोडियम बायकार्बोनेट, ०.८४ ग्रॅम, चालतं. पण बायकार्बोनेटच्या जागी कार्बोनेटची बाटली उचलली तर पीएच भलताच वर जातो. शेल्फवर दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात, आणि लेबलं सारखीच दिसतात.

अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नवसागर इथे चालणार नाही. शुद्ध ग्रेडचाच घ्या. तो हवेतली ओल धरतो, म्हणून पावसाळ्यात बाटलीत खडे झालेले असतील तर वजनात पाणीही मोजलं जातं.

हा बफर ऑटोक्लेव्ह करू नका. उष्णतेने बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच वर सरकतो. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, बाटली गच्च बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. दहापट तीव्र साठा जास्त टिकतो. त्यापासून कामाचा बफर लागेल तेवढा त्याच दिवशी पातळ करावा. अर्धी रिकामी बाटली रोज उघडझाप होऊन महिनाभर पडली असेल तर पीएच बघायची तसदीही घेऊ नका, सरळ फेकून द्या.

आता पाण्याचा प्रश्न, जो आपल्याकडचा खास आहे. आपल्याखाली काळा पाषाण, बोअरचं पाणी जड. उन्हाळ्यात बोअर आटलं की टँकर, टँकर बदलला की पाणी बदललं. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे काही कुणी विसरलेलं नाही. लॅबमधला आरओ याच पाण्यावर चालतो. आत येणारं पाणी जड झालं की मेम्ब्रेनवर ताण येतो आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) गुपचूप चढतो.

थोड्या क्षारांनी काय बिघडतं? बफरमधलं ईडीटीए ०.१ मिलिमोलर आहे. ते तेवढंच कॅल्शियम-मॅग्नेशियम धरू शकतं, म्हणजे लिटरला साधारण १० मिलिग्रॅम जडपणा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्यासाठी उत्तम पाणीसुद्धा आपल्या ईडीटीएला वीसपट भारी पडतं. मग उरलेल्या कॅल्शियममुळे पेशी एकमेकींना चिकटतात, आणि बायकार्बोनेटशी गाठ पडून बफरमध्ये बारीक पांढरी भुकटी दिसते, ती वेगळीच. वीस लिटरच्या जारचं पाणी यासाठी कधीही वापरू नये. डीआयोनाइज्ड किंवा डबल डिस्टिल्ड पाणी घ्या, आणि मार्च ते जून दर आठवड्याला मीटर लावून बघा. लॅबचं शुद्ध पाणी टीडीएस मीटरवर शून्याच्या आसपास दिसायला हवं.

ट्यूबच्या भिंतीवरचा थेंब

छोटी गोष्ट आहे, पण तिने भल्याभल्यांना चकवलंय. रक्त घालताना पिपेटच्या टोकाबाहेरचं रक्त ट्यूबच्या वरच्या भिंतीला लागतं. तिथे ना अँटिबॉडी पोचते, ना बफर. नंतर ट्यूब हलवली की ते खाली उतरतं आणि शेवटच्या क्षणी अख्ख्या लाल पेशी आणि न रंगलेल्या पांढऱ्या पेशी नमुन्यात मिसळतात. ट्यूब न धुता थेट मोजण्याच्या पद्धतीत, उदाहरणार्थ सीडी४ (लिम्फोसाइटचा एक गट) पेशींच्या मोजणीत, याने आकडाच बदलतो. टोक टिश्यूने बाहेरून पुसा, भोकाला टिश्यू लागू देऊ नका, रक्त थेट तळाशी सोडा, आणि रक्त चिकट असल्याने रिव्हर्स पिपेटिंग करा (थोडं जास्त ओढून ठरलेलं तेवढंच सोडा). बफर घातल्याबरोबर व्होर्टेक्स. आधी सगळ्या ट्यूबांत बफर घालून मग एकेक हलवत बसलं तर पहिली आणि शेवटची ट्यूब यांची वेळ वेगळी होते.

रक्तच दाद देत नाही तेव्हा

दोन ट्यूब एकाच वेळी लावा: एक पेशंटची, एक निरोगी सहकाऱ्याच्या ताज्या रक्ताची, अर्थात त्याला विचारून. बफर तोच, पाण्याचा डबा तोच, वेळ तीच. दोन्ही गढूळ राहिल्या तर दोष बफर, तापमान किंवा प्रमाणात. सहकाऱ्याची स्वच्छ झाली आणि पेशंटची नाही, तर बफरला हात लावू नका. ही चाचणी मी सगळ्यात वर ठेवतो, कारण ती भांडण मिटवते.

काही रक्तांतल्या लाल पेशी मुळातच चिवट असतात. सिकलसेल, थॅलेसेमिया, यकृताचे जुने आजार, नवजात बाळाचं किंवा नाळेचं रक्त. यांत पेशीचा आकार, आवरण किंवा आतलं हिमोग्लोबिन वेगळं असल्याने ती फुगूनही लवकर फुटत नाही. थॅलेसेमियातल्या चपट्या पेशीत फुगायला जागाच जास्त असते. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. तिकडून आलेली एखादी ट्यूब हट्टाने गढूळ राहिली तर ही शक्यता आधी मनात यावी. अशा रक्तात सेल काउंटरवरची पांढऱ्या पेशींची संख्याही खोटी वाढलेली दिसू शकते, कारण न फुटलेल्या लाल पेशींना मशीन पांढरी समजतं. स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघा, डॉक्टरांशी बोला, हिमोग्लोबिनचं एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी) झालंय का विचारा. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३मध्ये सुरू झालंय, तेव्हा पेशंटकडे आधीचं तपासणी कार्ड असण्याचीही शक्यता आहे.

अशा रक्ताला बफरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवण्यापेक्षा रक्त कमी घ्या, ५० मायक्रोलिटर, आणि बफर तेवढाच ठेवा. प्रमाण आपोआप दुप्पट होतं. वेळ पंधरा मिनिटांपर्यंत न्या. त्यानंतर उरेल ते सीडी४५च्या गेटवर सोडा. केंद्रक असलेल्या कोवळ्या लाल पेशी असतील तर डीएनए रंगवणाऱ्या डायवर विसंबू नका. त्याही रंगतात.

रक्ताचं वयही बघा. बीड किंवा हिंगोलीहून आलेली ट्यूब दुपारच्या एसटीत बोनेटजवळ ठेवून आली असेल तर लॅबमध्ये पोचेपर्यंत निम्मं काम बिघडलेलं असतं. ईडीटीएतलं रक्त शक्यतो २४ तासांत, फार तर ४८ तासांत लावावं, १८ ते २५ अंशांत ठेवलेलं. सँपल आणणाऱ्या मामांना एवढंच सांगा: बर्फाचा पॅक थेट ट्यूबला टेकू द्यायचा नाही, मध्ये कापूस किंवा कागदाचा जाड थर हवा. गारठून बर्फ झालेल्या रक्तात लाल पेशी फुटतात, आणि त्यांच्यासोबत पांढऱ्याही.

एक कारण हटकून सुटतं. रक्त आधीच फॉर्माल्डिहाइडने फिक्स झालेलं असेल, किंवा पेशी टिकवणाऱ्या खास ट्यूबमध्ये घेतलेलं असेल, तर अमोनियम क्लोराइडने त्यातल्या लाल पेशी फुटत नाहीत. आवरण पक्कं झालेलं असतं. त्यासाठी त्या ट्यूबच्या कंपनीने सांगितलेलं सोल्युशनच लागतं. उलट, बाजारात मिळणाऱ्या काही लायसिंग सोल्युशनमध्ये फॉर्माल्डिहाइड असतं. ती फोडतात आणि फिक्सही करतात. त्यानंतर पेशी जिवंत राहत नाहीत, त्यामुळे कल्चरसाठी किंवा जिवंत-मृत ठरवण्यासाठी ती वापरता येत नाहीत. बाटलीवरचं नाव वाचून थांबू नका, घटक वाचा.

जनावरांच्या रक्ताबद्दलही विचारणा होते. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि उस्मानाबादी शेळी आपल्या घरचीच. शेळीची लाल पेशी माणसाच्या पेशीच्या निम्म्या आकाराची आणि पाण्याच्या बाबतीत फार नाजूक असते. माणसाची वेळ तिला जशीच्या तशी लावू नका, कागदामागची अक्षरं बघूनच थांबा. कोंबडीच्या लाल पेशीत केंद्रक असतं. आवरण फुटलं तरी केंद्रकं मागे उरतात आणि गाळ होतो, म्हणून तिथे लायसिसचा नाद सोडून ग्रेडियंटवर, म्हणजे घनतेच्या फरकाने, वेगळं करणं बरं.

सेंट्रिफ्यूज आणि फायकॉल

"१५०० आरपीएम, पाच मिनिटं" ही सूचना अर्धवट आहे. रोटरची त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर १५०० आरपीएम म्हणजे साधारण ४०० जी. ८ सेंटिमीटरच्या छोट्या मशीनवर तेच २०० जी. सूत्र सोपं आहे: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. मशीनच्या झाकणावर दोन-तीन वेगांचे जी लिहून चिकटवा.

फायकॉलवर (पेशी घनतेप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) मोनोन्यूक्लिअर पेशी, म्हणजे लिम्फोसाइट आणि मोनोसाइट, वेगळ्या करणाऱ्यांना थर लाल मिळाला तर इथेही तापमानच बघावं. १.०७७ घनतेचं हे द्रव १८ ते २० अंशांसाठी आहे. थंडीत त्याची घनता वाढते आणि लाल पेशी खाली बसत नाहीत. उन्हाळ्यात घनता घटते आणि लिम्फोसाइटही खाली जाऊन उत्पन्न कमी मिळतं. ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. न्यूट्रोफिल (ग्रॅन्युलोसाइटचाच एक प्रकार) हवे असतील तर फायकॉलच्या वरच्या थरात ते शोधू नका. ते लाल पेशींसोबत तळाला गेलेले असतात.

शुद्ध पाण्याने वीस-तीस सेकंद फोडून लगेच दहापट तीव्र पीबीएसने सावरायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते. नऊ भाग पाणी, एक भाग दहापट तीव्र पीबीएस. हात सराईत असेल तर चालते. एकाच माणसाने ती बारा ट्यूबांवर एकदम करू नये.

टाकताना

लायसिस झालेल्या ट्यूबमधलं लाल पाणी थेट हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, डब्यात ओतलं जातं. त्यात अमोनियम आहे. अमोनियम आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतं, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. बंद खिडक्यांच्या खोलीत दिवसभराच्या ट्यूब एकाच बादलीत रिकाम्या केल्या तर त्रास होतोच. हे द्रव वेगळ्या बाटलीत साठवून ऑटोक्लेव्ह करा, किंवा अमोनियमशी न भांडणारं दुसरं जंतुनाशक तुमच्या लॅबच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारून ठरवा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे रक्ताचे नमुने आणि लॅबमधला असा कचरा जागेवरच निर्जंतुक करून मगच बाहेर द्यायचा असतो. ऑटोक्लेव्हची बाटली पाऊणच भरा, झाकण सैल ठेवा. उकळताना थोडा अमोनिया बाहेर येतो, तेव्हा ऑटोक्लेव्हच्या खोलीतला पंखा चालू असू द्या.